दोन वर्षांसाठी बंगळूरला आलो, नऊ झाली. तुम्हाला नवं गाव आपलं कधी वाटलं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

२०१६ च्या जूनमध्ये नवऱ्याच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांच्या कामासाठी बंगळूरला पाठवलं. सांगलीहून निघताना दोन बॅगा, कुकर, पोळपाट-लाटणं आणि सासूबाईंनी बांधून दिलेलं मेतकूट एवढंच घेतलं होतं. बाकी संसार "दोन वर्षांचा तर प्रश्न" म्हणत माळ्यावर चढवून आलो. पडदेसुद्धा घेतले नव्हते, वर्षभर खिडक्यांना जुन्या साड्या लावल्या होत्या. दोनाची तीन झाली, मग लेक झाली, मग करोना आला, आणि बघता बघता नऊ झाली. लेक आता पहिलीत आहे. खाली खेळायला गेली की कन्नडमध्ये भांडते आणि वर येऊन मराठीत तक्रार करते.

आता प्रश्न असा आलाय की आमचे घरमालक म्हैसूरला मुलाकडे राहायला चाललेत. पहिल्या मजल्यावर ते राहतात, दुसऱ्यावर आम्ही. दोन्ही घरं विकायची आहेत, पण "वरचं आधी तुम्हाला विचारतोय," म्हणाले. बनशंकरीतलं जुनं, हवेशीर घर आहे. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय. नवरा म्हणतो घेऊया. मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. सांगलीत सासूबाई एकट्या आहेत, वय ६९, आणि त्या इकडे कायमच्या यायला तयार नाहीत. इथं घर घेतलं म्हणजे आम्ही परत येणार नाही हे त्यांना कागदावर लिहून दिल्यासारखं होईल.

कामासाठी गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या आणि मग तिथलेच झालेल्या सगळ्यांना विचारायचंय. तुम्ही तसं ठरवलं होतंत, की होऊन गेलं? आणि कळलं कधी?

---

मिरजकर_बुवा

साड्या काढून पडदे लावलेत ना, त्याच दिवशी झालात तिथले. :) बाकीचे कागद नंतरचे.

---

दक्षिणायन

ताई, मी २००३ साली नांदेडहून इकडे आलो. मला कधी कळलं ते तारखेनिशी सांगू शकतो, कारण ते आरटीओत कळलं.

दुसऱ्या राज्यातली गाडी वर्षभराहून जास्त इथं ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. मी ते टाळत होतो. चौकात पोलिसांनी दोनदा अडवल्यावर मग नांदेडच्या आरटीओतून ना हरकत प्रमाणपत्र आणलं, इथला आजीवन कर भरला, तिकडच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज केला. या सगळ्यात सहा महिने गेले. शेवटी गॅरेजमध्ये मुलानं एमएच २६ ची पाटी उचकटली आणि केए ०५ ची बसवली. जुनी पाटी त्यानं भंगारात टाकायला उचलली तेव्हा मी "थांब" म्हणालो आणि घरी घेऊन आलो. अजून कपाटात आहे.

त्या दिवाळीत गाडी घेऊन नांदेडला गेलो. बाबा अंगणात आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आईला म्हणाले, "पाहुणे आलेत गं." कौतुकानंच म्हणाले होते. पण मला ती रात्र झोप लागली नाही.

पुढं २०११ मध्ये घर घेतलं. त्या दिवशी वेगळं असं काहीच वाटलं नाही. जे वाटायचं ते गाडीच्या वेळी वाटून झालं होतं. म्हणून सांगतो, घराच्या कागदाला घाबरू नका. तो निर्णय बहुधा तुम्ही आधीच कधीतरी घेऊन टाकलेला असेल.

---

स्पष्टवक्ता_७७

मी उलट बाजूनं लिहितो, कारण सगळे हो-हो म्हणणार हे दिसतंय.

घर घ्यायचं तर पुण्यात घ्या. सांगली चार-साडेचार तासांवर येईल, सासूबाईंना भाषेची अडचण नाही, मुलीला मराठी वाचता-लिहिता येईल. बंगळूरचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलेलं कावेरीचं पाणी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. माझी बहीण तिकडे असते. दोन महिने तिच्या सोसायटीत टँकरच्या वेळेनुसार अंघोळी चालल्या होत्या. पोटासाठी परगावी राहावं, पण म्हातारपण तिथं काढायचं का, हा विचार चाळिशीतच करायला हवा. नंतर पाय निघत नाही.

---

गणिती_मामा

पाण्याचं खरं आहे, पण सगळीकडे सारखं नाही. बनशंकरी, जयनगर, बसवनगुडी हा जुना भाग, तिथं कावेरीचे नळ कधीपासून आहेत. हाल झाले ते बाहेरच्या नव्या वस्त्यांचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला तो बाहेरच्या ११० गावांसाठीच. तरी घेण्याआधी नळाचं बिल आणि संपची, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची, क्षमता बघाच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खातं, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली घराची नोंद. ए म्हणजे रीतसर, बी म्हणजे नियमांत पुरतं न बसणारं. इथं घराला ए खातं आहे की बी खातं ते पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. बी खात्याच्या घराला कर्ज मिळताना फार त्रास होतो. आता विक्रीच्या नोंदणीला ई-खातं, म्हणजे तीच नोंद ऑनलाइन, लागतं, ते मालकांच्या नावावर निघालंय का विचारा. जुनी इमारत असेल तर मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले जुळतात का तेही पाहा. घरमालक कितीही सज्जन असले तरी वकिलाकडून ३० वर्षांचे कागद तपासून घ्या. सज्जन माणसाला त्याचा राग येत नाही.

---

खारा_बन

मी नवीन. बंगळूरला येऊन दोनच महिने झालेत, बार्शीचा आहे. प्रश्न मोठ्यांचे चाललेत, पण माझा छोटा आहे: भाकरी कुठं मिळते? इडली आवडते, डोसा आवडतो, पण आठवड्यातून सात वेळा नाही. आणि घरमालकानं दहा महिन्यांचं भाडं अनामत घेतलंय. वडिलांना फोनवर तीनदा सांगितलं तरी त्यांना वाटतंय मी एक शून्य जास्त ऐकलं.

---

दक्षिणायन

बरोबर ऐकलंस रे. आता बरेच जण पाच-सहावर आलेत, पण दहाची जुनी रीत आहे. सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं कापतील, ते करारात आत्ताच वाचून ठेव.

---

रानभाजी

@खारा_बन, "उत्तर कर्नाटक खानावळ" अशी पाटी शोध. पाटी कन्नडमध्ये असेल, पण बाहेर माणसं रांगेत दिसतील. जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. कडक हवी की मऊ, ते विचारतात. सोबत एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, मेथीची पानं, दही. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी ताटावर रडले होते, खोटं नाही सांगत. बार्शीच्या माणसाला तर चव अगदी ओळखीची वाटेल, विजापूर किती लांब आहे तुमच्यापासून?

पिठाचं म्हणशील तर ज्वारी विकत घेऊन गिरणीवर दळून आण. पाकिटातलं पीठ जुनं असतं, भाकरी थापताना चिरते.

---

खारा_बन

मिळाली! मॅजेस्टिकजवळ. चार भाकरी खाल्ल्या. वाढणारे अण्णा विजापूरकडचेच निघाले, मी बार्शीचा म्हटल्यावर पाचवी न विचारता वाढली. रानभाजी ताई, मनापासून आभार.

---

धारवाडी_पेढा

मी धारवाडची. घरी कन्नड, आजोळ कोल्हापूरचं, त्यामुळे दोन्ही भाषा आपल्या. १४ वर्षं बंगळूरला आहे आणि मला एक सांगायचंय जे बहुतेक मराठी मंडळींच्या लक्षात येत नाही.

बंगळूरला आम्हीही बाहेरचेच. मी कन्नड बोलले की पहिल्याच वाक्याला समोरचा ओळखतो की ही वरची, हुबळी-धारवाडकडची. भाकरीवरून आम्हालाही चिडवतात. माझ्या मजल्यावर चार घरं आहेत. एक हासनचं, एक मंड्याचं, एक उडुपीचं आणि एक माझं. चौघी कन्नड बोलतो आणि युगादीच्या आधी चौघी एकच वाक्य म्हणतो, "ऊरिगे होगतीवि", म्हणजे गावाला चाललो. तीस-तीस वर्षं राहिलेल्यांचंही "ऊरु" वेगळंच असतं. इथं दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "निम्म ऊरु याऊदु?" तुमचं गाव कोणतं? बंगळूरमध्ये उभं राहून विचारतात, आणि उत्तरात बंगळूर यावं अशी कुणाची अपेक्षाच नसते.

तेव्हा सांगलीशी नातं तोडून बंगळूरचं व्हावं लागतं असं मनातून काढून टाका, कृष्णाकाठची. इथं राहायची रीतच अशी आहे की घर इथं आणि ऊरु तिथं.

बाकी भाषेचा बाऊ करू नका. तूप म्हणजे तुप्प, ताट म्हणजे तट्टे, कोशिंबीर ती कोसंबरी, आणि हुडकणे तर जसंच्या तसं हुडुकु. अर्धी भाषा तुम्हाला आधीच येते.

---

सह्यकडा

एवढा गोडवा आहे तर बेळगावात मराठी पाट्यांचं काय होतं तेही लिहा. तिकडे आपल्या माणसाला मराठी बोलू देत नाहीत आणि आपण इथं कन्नड शिकायचे वर्ग लावायचे?

---

रानभाजी

सह्यकडा, बेळगावचं दुःख खरं आहे, माझी मावशी तिथं आहे. पण तो पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या गावाचा प्रश्न आहे. आपण इथं नोकरीसाठी आपणहून आलोत. मुंबईत, पुण्यात येणाऱ्यानं मराठी शिकावं असं मी ठामपणे म्हणते. तेच मी इथं स्वतःला लावलं नाही तर माझ्या म्हणण्याला काय अर्थ उरतो?

पहिली चार वर्षं मी "कन्नड गोत्तिल्ल" या दोन शब्दांवर काढली. कन्नड येत नाही, हे कन्नडमध्ये सांगायचं. भाजीवाल्या अक्का त्यावर हसून हिंदीत बोलायच्या. त्यांची हिंदीही मोडकीच, माझ्यासाठी तेवढा त्रास घ्यायच्या. एक दिवस त्यांच्या शेजारी त्यांची शाळकरी नात बसली होती. ती आजीला म्हणाली, "या बाईंना अजून येत नाही?" त्यात चिडणं नव्हतं, नुसतं नवल होतं. मला इतकी लाज वाटली की त्याच आठवड्यात वर्ग लावला.

---

संपादक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, ती चर्चा कृपया तिकडे. हा धागा मूळ प्रश्नावरच राहू द्या.

---

इतिहासवेडा

संपादकांचा मान राखून थोडं मागं जातो, फार मागं.

बंगळूरला नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेलं सगळ्यांत मोठं मराठी घराणं भोसल्यांचं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं केंपेगौडांकडून हे ठाणं घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं. पुढं एकोजीराजे इथं होते, मग तंजावरला गेले. मल्लेश्वरमला काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे ना, त्याच्याशी एकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे, १६६९ च्या त्यांच्या दानलेखामुळे. १६८७ मध्ये मुघलांनी शहर घेतलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेलं, तीन लाख रुपयांना.

शहाजीराजांची समाधी मात्र बंगळूरला नाही. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले ते होदिगेरे इथं, आताच्या दावणगेरे जिल्ह्यात. पुणे-बंगळूर रस्त्यानं जाणारे आपण सगळे दावणगेरे ओलांडतो. एकदा वाट वाकडी करून जाऊन या. साधी समाधी आहे, आजूबाजूला झाडं. मी तिथं तासभर बसलो होतो. वेरूळच्या माणसाची समाधी तुंगभद्रेच्या मुलखात, याचं मला तिथं बसून वाईट नाही वाटलं, आधार वाटला.

---

पेठेतली_सून

इतिहासवेडा, सुंदर. त्यातलंच एक टोक आमच्या घरात आहे. मी नाशिकची, सासर बंगळूरच्या जुन्या पेठेतलं, भावसार. चार पिढ्या तरी इथंच. घरात मराठी बोलतात, पण अशी की पहिले सहा महिने मला निम्मी कळत नव्हती. क्रियापद मराठी, मधला सगळा माल कन्नड आणि थोडा तमिळ. सासऱ्यांना मराठी वाचता येत नाही, पण हरिपाठ अख्खा तोंडपाठ, कन्नड लिपीत लिहिलेल्या वहीवरून शिकलेला.

सणांचं सांगते. इथं गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते. त्या दिवशी मी हरतालिका म्हणून उपाशी, आणि शेजारणी मोरद बागिन घेऊन दारात. म्हणजे सुपात घातलेलं वाण, वरून दुसरं सूप झाकलेलं. मग आपल्या गौरी यायच्या त्या पुढं काही दिवसांनी वेगळ्या. पहिल्या वर्षी वाटलं आपलं काहीच जुळत नाही. मग संक्रांत आली. एळ्ळु-बेल्ल हातावर ठेवून शेजारीण म्हणाली, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खा आणि चांगलं बोला. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं विचारलं काय झालं, तर मला कन्नडमध्ये सांगता येईना आणि डोळ्यांत पाणी.

स्पष्टवक्ता, मराठी वाचता-लिहिता येण्याचा तुमचा मुद्दा मात्र मला पटतो. चार पिढ्यांनी बोली राहिली, लिपी गेली. मी माझ्या दोन्ही मुलांना रोज रात्री दहा ओळी वाचायला लावते. कृष्णाकाठची, तुम्ही घर घ्या किंवा नका घेऊ, पण हे आत्तापासून करा. शाळा ते करणार नाही.

---

परतीचा_पाऊस

मी या धाग्यावरचा कदाचित एकटाच परतलेला.

११ वर्षं बंगळूर, २०२० पासून कोल्हापूर. टाळेबंदीत घरून काम सुरू झालं तेव्हा आईवडिलांकडे आलो आणि राहिलो. कारण एकच. वडील त्याच्या आदल्या वर्षी न्हाणीघरात पडले होते. फोन संध्याकाळी सातला आला. त्या रात्रीच्या सगळ्या बस भरलेल्या. आनंदराव सर्कलला उभं राहून शेवटी एका ड्रायव्हरनं केबिनमध्ये बसवून आणलं. पोचायला १४ तास लागले. तोपर्यंत शेजारच्या पोरांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, प्लास्टर घालून घरी आणलं होतं आणि आईला चहा करून दिला होता. मी पोचलो तेव्हा करायला काही उरलंच नव्हतं. ते मला सोसलं नाही.

परत आल्याचा पश्चात्ताप नाही. वडील २०२३ मध्ये गेले, शेवटची तीन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जात होतो. पण परत जाणं सोपं असतं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मी सोडून गेलो ते कोल्हापूर नव्हतं. मित्र पुण्यात, कुणी परदेशात. आणि मी स्वतः सकाळी उठून फिल्टर कॉफी हुडकत होतो. बायको म्हैसूरकडची नाही, चांगली गडहिंग्लजची आहे, तीही अजून भाजीवाल्याला "एष्टु?", म्हणजे कितीला, असं विचारते.

ताई, सासूबाईंना काय हवंय ते त्यांना समोर बसून विचारलंत का? आम्ही मुलं सगळं गृहीत धरतो. माझ्या आईनं नंतर सांगितलं, "तू येशील म्हणून मी वाट बघत नव्हते, तू येणार नाहीस असं तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, म्हणजे मी माझी सोय लावली असती."

---

स्पष्टवक्ता_७७

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. माझी आई साताऱ्यात आहे. आज फोन करतो.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. परतीचा_पाऊस, नाही हो, समोर बसून विचारलं नाही. फोनवर विचारते आणि त्या म्हणतात, "तुम्ही तुमचं बघा, मला काय होतंय."

एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती लिहिते. २०१९ चा ऑगस्ट. मला सातवा महिना. सांगलीत कृष्णेचं पाणी चढत चाललं होतं. आमचं घर गावभागात, नदीपासून लांब नाही. सासूबाई शेजाऱ्यांबरोबर दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि मग त्यांचा फोन लागेना. नवरा रात्री निघाला तो निपाणीला अडकला, पुढं महामार्गच पाण्याखाली. मी इथं एकटी, टीव्हीवर आपलंच गाव बघत होते. मारुती चौकातून होडी चाललेली दाखवत होते.

त्या सहा रात्री खालच्या आंटी, म्हणजे घरमालकीणबाई, माझ्याकडे झोपायला आल्या. मला तेव्हा कन्नड जेमतेम, त्यांना हिंदी अजिबात नाही. रोज रात्री एकच विचारायच्या, "ऊट आयता?" जेवलीस का? नाही म्हटलं की खाली जाऊन ताक-भात घेऊन यायच्या. सहाव्या दिवशी सासूबाईंचा आवाज आला तेव्हा मी फोन आंटींच्या हातात दिला. का दिला माहीत नाही. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, सासूबाई मराठीत, दोघी रडत होत्या.

मला वाटतं माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. आणि म्हणूनच आता पाय अडतोय. ज्यांच्यामुळे हे घर झालं त्याच म्हैसूरला चालल्यात. भिंती घेऊन मी काय करू असं वाटतं.

---

धारवाडी_पेढा

आंटी मूळच्या कुठल्या?

---

कृष्णाकाठची

हासनच्या. १९७९ मध्ये लग्न होऊन बंगळूरला आल्या. अजून "नम्म ऊरु हासन" म्हणतात.

---

सरोजिनी_आजी

मी ७१ वर्षांची आहे. सून टाइप करून देत आहे, मी सांगते आहे.

तुम्ही सगळी मुलं तुमच्या बाजूनं लिहिता आहात, मी आणून बसवलेल्या म्हाताऱ्यांच्या बाजूनं सांगते. पंढरपूरचं घर बंद करून सहा वर्षांपूर्वी बंगळूरला मुलाकडे आले. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. दुपार संपता संपत नाही. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, खिडकीतून दिसतं ते सगळं दुसऱ्या भाषेत. वाण्याला धणे मागायचे तरी सुनेची वाट बघायची. पंढरपुरात माझ्या शब्दाला किंमत होती, इथं मला शब्दच नव्हता.

मग समोरच्या बागेत जायला लागले. तिथं पाच-सहा बायका बसतात, एक तेलुगू, एक मारवाडी, बाकी कन्नड. कुणाचंच कुणाला धड कळत नाही, पण गुडघे सगळ्यांचे दुखतात. एकीनं लोकर आणली, मग सगळ्या विणायला लागलो. आता कार्तिकात बसवनगुडीच्या कडलेकाई परिषेला, शेंगांच्या जत्रेला, आम्ही मिळून जातो. पाठोपाठ मी कार्तिकीच्या गर्दीच्या आठवणी सांगते आणि त्या ऐकतात.

पण एक अट मी पहिल्या दिवशी घातली होती. पंढरपूरचं घर विकायचं नाही. किल्ली माझ्या कमरेला. आषाढीला मी जाते, महिनाभर राहते, घर झाडते, तुळस लावते आणि येते. त्या किल्लीमुळे मी इथं राहू शकते. तुझ्या सासूबाईंना आण म्हणून नको सांगू, बाळ. चार दिवस ये म्हण, आणि किल्ली त्यांच्याजवळ राहू दे.

---

मिरजकर_बुवा

आजींना साष्टांग नमस्कार.

---

खारा_बन

आजी, तुमची बाग कुठं आहे? माझी आई डिसेंबरात येणारे.

---

सरोजिनी_आजी

जयनगर चौथा ब्लॉक. आईला सुया घेऊन ये म्हणावं, लोकर आमच्याकडे आहे.

---

गणिती_मामा

धागा भावुक झालाय, तरी माझं काम करतो. ताई, खातं बघितलंत का?

---

कृष्णाकाठची

बघितलं, मामा. ए खातं आहे, ई-खातं निघालंय, वकिलांनी कागद तपासले. गच्चीवरची एक खोली नकाशात नाही, ती किमतीत धरायची नाही असं ठरलं. काकांना अजिबात राग आला नाही, उलट त्यांनीच जुनी फाईल काढून दिली.

बाकीचंही सांगते. दसऱ्याला सांगलीला गेलो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. जेवणं झाल्यावर सासूबाईंसमोर बसले आणि आजींनी सांगितलं तसं नाही जमलं, सगळं एकदम बोलून टाकलं. घराचं, परत न येण्याचं, भीतीचं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पुरात तुझ्याजवळ झोपली ती बाई अजून आहे का तिथं?" म्हटलं, महिनाभर आहे, मग जाणार. म्हणाल्या, "मग मला आत्ताच यायला पाहिजे."

आता तीन आठवडे झाले, इथं आहेत. सांगलीच्या घराची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. मार्गशीर्षातले गुरुवार मात्र स्वतःच्या देवघरात करायचे म्हणून तेव्हा परत जाणार, मग संक्रांतीला येणार, असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. आम्ही घर घेतोय. मतदारयादीतलं नावही इकडे हलवायला आठ नंबरचा अर्ज भरला. त्यावर सही करताना हात थांबला होता, पण केली.

काल आंटी निघाल्या. टेम्पो गेला, काका गाडीत बसले. आंटी वर आल्या, दोघी म्हाताऱ्या दारात उभ्या. आंटी म्हणाल्या, "होगि बर्तीनि." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायच्या आत लेक म्हणाली, "आजी, त्या 'जाऊन येते' म्हणतायत. आपल्यासारखंच, नुसतं 'जाते' म्हणत नाहीत."

सासूबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाल्या, "या हं. मी आहे इथं."

---

दक्षिणायन

वास्तुशांत कधी?

---

कृष्णाकाठची

संक्रांतीनंतरच्या रविवारी. धाग्यावरचे बंगळूरकर सगळे या. खारा_बन, आईला घेऊन ये, भाकऱ्या सासूबाई करणार आहेत. आजींना आणायला आम्ही गाडी पाठवतो.